पायाखालचे पेट्रोल

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने मातीवर लिहायचे म्हणजे पहिल्या पावसाच्या सुगंधावर एखादा ललितलेख द्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. वार्षिकाचे मागचे तीन-चार अंक चाळून पाहिले. दर अंकात तसा एक लेख सापडतोच. यंदा मात्र संपादक मंडळाने क्षमा करावी. मला ज्या मातीबद्दल लिहायचे आहे तिला पहिल्या पावसात पेट्रोलचा वास येतो.

विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसल्यावर लागणारे पहिले स्टेशन. एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर आणि मध्ये वालधुनी. तिला नदी म्हणायचे ते जुन्या माणसांनी. आमच्या पिढीने तिला नाल्याच्याच रूपात पाहिले आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरच्या वडोलगावाजवळ टँकरमधले रसायन या पाण्यात सोडले गेले आणि श्वास कोंडल्यामुळे शेकडो माणसांना दवाखान्यात न्यावे लागले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्या घटनेवर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आले, कारण ती सर्वांच्या नाकात गेली होती. माझा विषय त्याच जातीचा आहे, परंतु तो चोरपावलांनी येतो. जमिनीखालच्या टाकीतून झिरपणारे इंधन कोणाला दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि ज्या दिवशी ते विहिरीत उगवते त्या दिवशी ते कोठून आले हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

आपण पंपावर जातो तेव्हा आपल्याला मशीन दिसते, नळी दिसते, पैशाचा फिरणारा आकडा दिसतो. पेट्रोल असते कोठे? आपण ज्यावर गाडी उभी करतो त्या जमिनीखाली. वीस-वीस हजार लिटरच्या लोखंडी टाक्या खड्ड्यात बसवून, भोवती वाळू भरून, वर काँक्रीट घातलेले असते. एस.टी.च्या आगारांतही गाड्यांसाठी डिझेल साठवावे लागते, मोठ्या कारखान्यांत लागते, जनरेटर चालवणाऱ्या इमारतींत लागते. आग लागू नये म्हणून टाकी जमिनीत पुरली जाते, आणि ते योग्यच आहे. पण पुरलेली वस्तू नजरेआड होते, आणि नजरेआड झालेल्या वस्तूची काळजी घ्यायला कोणी तरी मुद्दाम नेमावा लागतो.

माझे वडील गेली अठरा वर्षे पंपावर पेट्रोल भरतात. (कोणत्या पंपावर हे सांगण्याचे कारण नाही, त्यांच्या पंपाविषयी माझी काही तक्रारही नाही.) त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण टाकीच्या बाबतीत मला जे काही समजते ते प्रथम त्यांच्याकडून समजले आहे. रोज सकाळी टाकीत आकडे कोरलेली लांब काठी सोडून 'डिप' घेतात. काठी कितपर्यंत ओली झाली यावरून टाकीत किती माल आहे ते कळते. कालचा शिल्लक साठा, त्यात आलेला टँकर, त्यातून वजा झालेली विक्री, असा हिशेब मांडला की आजचा आकडा जुळला पाहिजे. तो कधीच तंतोतंत जुळत नाही. उन्हाने पेट्रोल फुगते, थंडीने आकसते, काही उडून जाते. ही 'घट' सर्वांनी गृहीत धरलेली असते.

डिप घेताना काठीच्या टोकाला आणखी एक लेप लावतात. टाकीच्या तळाशी पाणी शिरले असेल तर त्या लेपाचा रंग बदलतो. पाणी गेले तर गिऱ्हाइकाची गाडी बंद पडते आणि तो येऊन भांडतो. म्हणून ही तपासणी कोणी चुकवत नाही. एकदा मी बाबांना विचारले, "पेट्रोलमध्ये पाणी आले का हे तुम्ही रोज बघता, पाण्यात पेट्रोल गेले का हे कोण बघतो?" ते म्हणाले, "ते बघायचा लेप अजून आमच्याकडे आला नाही." ते हसत म्हणाले होते, पण माझ्या मते सगळा प्रश्न त्या उत्तरात आहे.

थोडा हिशेब करून पाहू. टाकीच्या नव्हे, टाकीतून मशीनकडे जाणाऱ्या पाइपाच्या एखाद्या सांध्यातून सेकंदाला फक्त एक थेंब गळतो आहे असे धरा. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान असतो. चाळीस ते पन्नास थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सुमारे दोन लिटर होतात. दिवसाला हजारो लिटर विकणाऱ्या पंपाच्या हिशेबात दोन लिटर कोठे दिसणार? ते 'घट' या रकान्यात मुकाट्याने जाऊन बसतात. वर्षाअखेर मात्र ते सहाशे ते पावणेआठशे लिटर झालेले असतात.

आता दुसरी बाजू. आज आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये बेंझिन हा घटक एक टक्क्यापर्यंत असू शकतो. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक लिटर पेट्रोलमधले एक टक्का बेंझिन म्हणजे १० मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅम. ते मर्यादेच्या आत आणायचे तर त्यात पावणेनऊ लाख लिटर पाणी ओतावे लागेल. आमच्याकडे पाणी नसले की येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो. असे जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टँकर! प्रत्यक्षात काही बेंझिन हवेत उडून जाते, काही जिवाणू खातात, म्हणून चित्र इतके वाईट नसते. तरीही एक लिटर आणि अठ्ठ्याऐंशी टँकर हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आमच्या चाळीमागे एक विहीर आहे. नळाला पाणी येते, परंतु उन्हाळ्यात आठवड्यातून एखादा दिवस बंद असते आणि सुरू झाले तरी टोकाच्या खोल्यांपर्यंत करंगळीएवढी धार पोहोचते. अशा दिवसांत कपडे, भांडी, कधी कधी स्वयंपाकदेखील विहिरीवर. तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात त्या पाण्याला वास येऊ लागला. कोणी म्हणाले रॉकेल, कोणी म्हणाले गॅरेजचे ऑइल. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता आणि लहान मुले तो पाहायला गोळा होत. तक्रार केली. एक माणूस बाटली भरून घेऊन गेला. महिन्याने उत्तर आले की पाणी पिण्यास अयोग्य आहे. शहरातल्या कोणत्या विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे? नेहमीच्या तपासणीत क्षार पाहतात, नायट्रेट पाहतात, फ्लोराइड पाहतात, जंतू पाहतात. पेट्रोल शोधायला कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून ते सापडले नाही. विहिरीवर पत्रा टाकला गेला आणि प्रकरण मिटले. इंधन कोठून आले ते आजतागायत कळलेले नाही, म्हणून मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. पण त्या दिवसांत चाळीतले लोक बाबांना म्हणत, "तुमच्या धंद्याचे पाणी हो हे!" आणि बाबा, जे त्या विहिरीपासून दोन स्टेशने दूर असलेल्या पंपावर काम करतात, खाली मान घालून निघून जात. ज्याच्या हातात नळी आहे त्यालाच लोक ओळखतात. टाकीचा मालक, तिचा आराखडा काढणारा, परवाना देणारा, यांना चाळीत कोणी पाहिलेले नसते.

वास जुलैतच का आला, हे मला पुढे वाचनातून उमगले. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलाच्या वर तरंगते. उन्हाळ्यात भूजल खाली जाते तसे तेही मुरूम आणि दगडांच्या फटींतून खाली उतरते, वाटेतल्या कणाकणाला चिकटत जाते. पावसाळ्यात पाणी वर आले की ते पुन्हा वर उचलले जाते आणि विहिरीत उघडे पडते. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे. त्या कातळात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र सारखे पसरत नाही. ते फटींतून, सांध्यांतून, मुरमाच्या थरातून वाट काढते. त्यामुळे पंपालगतची विहीर स्वच्छ राहून दूरची नासली, असेही होऊ शकते. मग प्रत्येक जण म्हणतो, आमचा संबंध नाही.

हे केवळ आमच्या चाळीपुरते आहे असे समजू नये. २०२३ साली गोव्यात दाबोळी परिसरात जमिनीखालून जाणाऱ्या इंधनवाहिनीतून गळती झाली आणि विहिरींत पेट्रोल उतरले; विहिरीतले पाणी पेटते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला १९९६ साली आपल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचे निम्मे पाणी गेले. टाक्यांतून व वाहिन्यांतून गळालेल्या पेट्रोलमधले एक मिश्रणद्रव्य त्या पाण्यात उतरले होते. त्या देशाने १९८४ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि गळत्या मोजायला सुरुवात केली. आजवर त्यांनी साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदवल्या आहेत. हा आकडा वाचून माझी एक मैत्रीण म्हणाली, "बाई गं, केवढा निष्काळजी देश!" मला उलट वाटते. त्यांनी मोजल्या म्हणून त्या आहेत. आपल्याकडे त्या नाहीत, याचा अर्थ काय घ्यायचा?

आता मातीकडे वळते, कारण या लेखाचे खरे कारण ती आहे.

माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात करमाळा तालुक्यातून कल्याणला आले. त्यांच्या बोलण्यात काळ्या रानाचा उल्लेख कायम असायचा. उन्हाळ्यात काळ्या रानाला एवढ्या भेगा पडत की वासराचा पाय अडकावा. आणि पाऊस पडला की तीच माती फुगून अशी मिटे की पाणी वर उभे राही. ही करामत तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाची. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे पातळ पापुद्र्यांचे असतात, आणि पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरून त्यांना दूर सारते. याच खनिजाची मुबलकता असलेली माती कच्छमध्ये खाणींतून काढतात. तिचे नाव बेंटोनाइट. आपल्यापैकी प्रत्येकाने ती पाहिलेली आहे. कल्याण-डोंबिवलीत टॉवरच्या पायासाठी खोल भोके पाडतात तेव्हा त्यांच्या कडा ढासळू नयेत म्हणून जो राखाडी चिखल ओततात, आणि जो नंतर रस्त्यावर वाहून आपल्या चपला बरबटवतो, तोच बेंटोनाइट. पाणी अडवायला ती उत्तम. शेततळे, कालवे, कचराभूमीचा तळ, सगळीकडे तिचे अस्तर चालते.

मग टाकीखाली तीच माती घातली की झाले, असे कोणालाही वाटेल. गंमत अशी की या मातीचे पाण्याशी सख्य आहे, तेलाशी नाही. पाण्यात विरघळलेले बेंझिन ती धरून ठेवत नाही. ते तिच्यातून हळूहळू पलीकडे निघून जाते. आणि नुसत्या पेट्रोलचा तिला दीर्घकाळ संपर्क झाला तर ती फुगायची सोडून आकसते, तिला आजोबांच्या रानासारख्या भेगा पडू शकतात. ज्या दिवशी तिची गरज, त्याच दिवशी तिने दार उघडायचे!

इथे शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली ती स्वयंपाकघरातल्या माणसाला चटकन कळेल. हिंग पाण्यात टाकला तर तो नुसता भिजतो, तेलात टाकला की फुलतो. ज्याची त्याची जात. मातीच्या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे सोडियम, कॅल्शियम असे धन भाराचे कण तिथे चिकटून बसलेले असतात. ते काढून त्यांच्या जागी एका टोकाला धन भार आणि दुसऱ्या टोकाला लांब तेलकट शेपूट असलेले रेणू बसवले, तर मातीचा स्वभाव पालटतो. ती पाण्याऐवजी तेलाला आपलेसे करू लागते. असे रेणू काही दुर्मीळ नाहीत. केसांना लावायच्या कंडिशनरमध्ये त्याच कुळातले रेणू असतात. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे स्टीफन बॉइड आणि त्यांचे सहकारी ली व मॉर्टलँड यांनी १९८८ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की अशा रीतीने मातीत बदल केला तर पाण्यातून जाणारे सेंद्रिय प्रदूषक तिच्यात अडकून पडतात, त्यांची चाल मंदावते. त्यांचे म्हणणे असे की टाकीभोवतीच्या, कचराभूमीखालच्या मातीलाच असे शिकवून ठेवावे. अशा मातीला सेंद्रिय सुधारित माती म्हणता येईल. बेंटोनाइटपासून बनवलेली अशी माती आज जगात बाजारात विकत मिळते आणि तेलकट सांडपाणी गाळायला वापरली जाते. म्हणजे ही प्रयोगशाळेतली कल्पना राहिलेली नाही.

मी वर म्हटले की टाकी खड्ड्यात बसवून भोवती वाळू भरतात. ही वाळू टाकीसाठी असते: तिला खडे टोचू नयेत, ती गंजू नये, ती नीट बसावी. पण वाळूइतकी गळतीला मोकळी वाट देणारी दुसरी वस्तू नाही. टाकीचे अंथरूण करताना टाकीचा विचार झाला. पलीकडच्या विहिरीचा झाला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या वाळूच्या बाहेर, खड्ड्याच्या तळाला आणि चारी बाजूंना, साधे बेंटोनाइट आणि सुधारित माती यांच्या मिश्रणाचे अस्तर असावे. एक पाणी अडवील, दुसरी पेट्रोल धरील. आणि अस्तराच्या आत एक उभी नळी जमिनीवर काढून ठेवावी, म्हणजे महिन्यातून एकदा झाकण उघडून पाहता येईल. बाबांच्या लेपाला हे उत्तर होऊ शकते. त्या नळीत वास आला की गळती अस्तराच्या आत आहे, विहिरीपर्यंत गेलेली नाही, आणि दुरुस्तीला वेळ आहे.

यावर आक्षेप आहेत आणि काही खरेच वजनदार आहेत. पहिला असा की आता दुहेरी भिंतीच्या टाक्या येतात, मातीचे सोंग कशाला? दुहेरी टाकी चांगलीच. पण गळती बहुधा टाकीच्या पोटातून नव्हे, पाइपांतून, सांध्यांतून, टँकर खाली करताना होणाऱ्या सांडण्यातून होते असे पंपावरचा कोणीही सांगेल. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ही माती पेट्रोल नष्ट करीत नाही, धरून ठेवते. आणि धरण्याला मर्यादा असते. भरली की भरली. म्हणून तिला पहारेकरी समजावे, कायमचे कुलूप समजू नये. गळती महिन्याभरात शोधून बंद करणार असाल तरच तिचा उपयोग. दहा वर्षे डोळे मिटून बसणार असाल तर अस्तर घालून फक्त समाधान मिळेल. शिवाय भरलेली माती हा स्वतःच घातक कचरा आहे. ती खणून काढली तर तळोज्याला अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीचा प्रकल्प आहे तिथे गेली पाहिजे. नाही तर ठेकेदार ती रात्री कोठे नेऊन ओतील हे वालधुनीकाठच्या माणसाला सांगायला नको.

तिसरी अडचण नवीन आहे. २०२५ पासून पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाण्यात लगेच मिसळते. ते या मातीच्या हाती लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात, त्यात तिथला प्राणवायू संपवतात, आणि बेंझिन खायला मागे कोणी उरत नाही. त्यामुळे बेंझिन पूर्वीपेक्षा दूर जाऊ शकते. ऊस उत्पादकांसाठी इथेनॉल हवे, हे मला मान्य आहे. आमचे गाववाले ऊसच लावतात. पण इंधन बदलले की त्याखालच्या जमिनीची व्यवस्थाही नव्याने तपासायला हवी, हे कोणाच्या ध्यानात आले आहे असे दिसत नाही.

काही शास्त्रज्ञ असेही सुचवतात की खड्डा न खणता ते तेलकट शेपटीचे रेणू थेट जमिनीत सोडावेत आणि तिथल्याच मातीत भूजलाच्या वाटेवर एक चाळण तयार करावी. हे वाळूच्या प्रदेशात जमेल. आपल्या कातळात ते द्रावण कोणत्या फटीत जाईल याचा नेम नाही, आणि ते रेणू मासे व जिवाणू यांना विषारीही असतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आपल्याकडे हा उपाय नवा खड्डा खणताना किंवा जुनी टाकी बदलताना करावा, गळती झाल्यावर औषध म्हणून जमिनीत ओतू नये.

कायदे नाहीत असे नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे, त्याखालचे २००२ चे नियम आहेत, आणि ते राबवणारे स्फोटकांचे मुख्य कार्यालय आपल्या नागपूरलाच आहे. त्यांचे लक्ष आगीवर, आणि ते स्वाभाविक आहे. पाण्यासाठी १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. भूजलासाठी पुन्हा वेगळी यंत्रणा आहे. आग पाहणारे, नदी पाहणारे आणि विहीर पाहणारे असे तीन घरचे पाहुणे. आणि टाकी मधल्या अंगणात. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२० च्या जानेवारीत नव्या पंपांसाठी सूचना काढल्या: शाळा, दवाखाने व वस्ती यांपासून ५० मीटर अंतर ठेवावे, अगदीच अडचण असेल तर ३० मीटर, आणि भूजल उथळ असेल तिथे टाकीला दुहेरी संरक्षण द्यावे. स्वागतार्ह आहे. पण अंतराची अट नव्या पंपांना. विठ्ठलवाडी-उल्हासनगरसारख्या, पंप आधी आणि वस्ती नंतर, किंवा वस्ती आधी आणि पंप नंतर, अशा एकमेकांच्या मांडीवर बसलेल्या गावांनी काय करायचे? इथे ५० मीटर मोकळी जागा फक्त रेल्वेच्या रुळांवर सापडेल. जिथे अंतर देता येत नाही तिथे अंतराचे काम दुसऱ्या कशाने तरी केले पाहिजे, आणि मातीचे अस्तर त्यासाठीच मी सुचवते आहे.

पैशांचे म्हणाल तर अमेरिकेने १९८६ साली गळत्या निस्तरण्यासाठी निधी उभारला तो गॅलनमागे एक दशांश सेंट कर लावून. आपल्या हिशेबाने लिटरला दोन-अडीच पैसे. पेट्रोलच्या दरात रुपया वाढला तर आपण दोन दिवस कुरकुरतो आणि भरतो. दोन पैसे कोणाच्या ध्यानातही येणार नाहीत. मात्र तो पैसा विहिरीसाठीच ठेवला पाहिजे, रस्त्याच्या फलकासाठी नव्हे.

एक गोष्ट राहिली. गळती कळवणाऱ्या माणसाचे काय? डिपमधली घट नेहमीपेक्षा जास्त येते आहे हे सर्वांत आधी कळते ते काठी धरणाऱ्याला. तो बोलला तर पंप चार दिवस बंद, त्याचे चार दिवसांचे पैसे गेले, आणि बहुधा नोकरीही. तो गप्प बसतो यात नवल नाही. कोणत्याही नियमात त्याच्या पोटाची सोय मी वाचलेली नाही. माती कितीही सुधारली तरी हा माणूस बोलू शकला नाही तर नळीचे झाकण उघडणार कोण? माझ्या घरी हा प्रश्न जेवताना निघतो आणि आई तो लगेच बंद करते, कारण माझी फी त्याच पगारातून जाते. तिचे चुकते असे मी म्हणणार नाही.

वर्गातल्या काही मित्रांचे म्हणणे पडले की हा विज्ञानशाखेचा विषय, आपण कशाला? पण विहीर कोणाची, पंप कोणाचा, तपासणीत काय शोधायचे हे कोणी ठरवायचे, हे प्रश्न रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाहीत. ते राज्यशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या आपल्याच अभ्यासक्रमात आहेत, फक्त तिथे उदाहरण म्हणून टाकी दिलेली नसते.

म्हणून एक सूचना मांडते. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने यंदा विठ्ठलवाडी आणि आसपासच्या विहिरींची व बोअरवेलची एक वही करावी. विहीर कोठे आहे, पाणी किती खोल आहे, वास किंवा तवंग येतो का आणि कोणत्या महिन्यात, जवळचा पंप, गॅरेज किंवा आगार किती पावलांवर आहे, एवढे रकाने पुरेत. माणसांची नावे लिहू नयेत. कोणाच्या नोकरीवर गदा येता कामा नये. वही तयार झाली की तिची एक प्रत महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला द्यावी आणि सोबत एकच मागणी करावी, की यातल्या वास येणाऱ्या विहिरींचे पाणी बेंझिनसाठी तपासावे. पाण्याची पातळी सर्वांत खाली असताना एकदा आणि पाऊस लागल्यावर एकदा मोजले तरच काही कळेल; तेव्हा पहिली फेरी मे महिन्यातच उरकायला हवी. परीक्षा संपल्यावर जे गावी जाणार नाहीत त्यांनी एन.एस.एस.च्या सरांकडे नावे द्यावीत. दोर आणि बादली आमच्या चाळीतून मिळेल.